हद्दवाढीची अधिसूचना निघाल्यानंतर कोणकोणत्या दप्तरी नोंद होते?

तंजावूर : महानगरपालिकेच्या सभागृहाने ठराव केल्याने शहराची हद्द वाढत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-क्यू नुसार एखादे क्षेत्र नागरी ठरविण्याचा अधिकार राज्यपालांचा, म्हणजे व्यवहारात राज्य शासनाचा आहे. लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक महसूल व शेतीबाह्य रोजगाराचे प्रमाण पाहून तो अधिसूचनेद्वारे वापरला जातो. तिला सर्रास ‘अध्यादेश’ म्हटले जाते, ते चूक होय. अध्यादेश म्हणजे विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना राज्यपालांनी काढलेला तात्पुरता कायदा.

तमिळनाडूत हा विषय नागरी स्थानिक संस्था अधिनियम, १९९८ खाली येतो. अधिनियम १९९८ चा असला तरी तो प्रत्यक्ष अमलात आला एप्रिल २०२३ मध्ये.

तंजावूरचे मराठा राज्य १८५५ मध्ये खालसा झाले आणि त्यानंतर अकरा वर्षांनी, १८६६ मध्ये, येथे नगरपालिका आली. तिची महानगरपालिका २०१४ मध्ये झाली. जनगणनेच्या दप्तरात मात्र हे शहर २०११ ची २,२२,९४३ लोकसंख्या असलेली नगरपालिका म्हणूनच नोंदलेले आहे. हा केवळ दप्तरी तपशील नव्हे. नगरपालिकांविषयीच्या घटनात्मक तरतुदींत ‘लोकसंख्या’ म्हणजे आकडे प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या जनगणनेतील लोकसंख्या. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा त्याच आकड्यावर ठरतात. पंधराव्या वित्त आयोगानेही स्थानिक संस्थांची अनुदाने राज्याराज्यांत विभागताना २०११ चीच लोकसंख्या धरली होती.

म्हणूनच जनगणनेपूर्वीची सीमाबंदी महत्त्वाची ठरते. २०२७ च्या जनगणनेचा संदर्भ दिनांक, हिमाच्छादित प्रदेश वगळता, १ मार्च २०२७ असा आहे. गावे, तालुके, जिल्हे व नागरी संस्थांच्या सीमांत जे बदल करावयाचे ते ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत करून जनगणना कार्यालयास कळवावेत, असे महानिबंधकांनी राज्यांना सांगितले. त्यानंतर सीमा गोठविल्या जातात. मुदतीत न कळविलेले गाव प्रत्यक्षात शहराचा कर भरत असले, तरी गणनेत ते ग्रामीणच राहण्याचा धोका असतो, आणि ती नोंद पुढील जनगणनेपर्यंत चालते.

जनगणनेखेरीज इतर दप्तरेही आहेत. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’ या संगणकीय सूचीत प्रत्येक गावाला व स्थानिक संस्थेला स्वतंत्र संकेतांक असतो. केंद्रीय योजनांच्या संगणकप्रणाली त्यावरच चालत असल्याने समाविष्ट गावाची जोडणी तेथे बदलणे आवश्यक ठरते. जन्म-मृत्यूच्या नोंदीचे ठिकाण बदलते. प्रभाग व मतदारयाद्या नव्याने कराव्या लागतात. महसुली गाव मात्र सहसा तसेच राहते : ग्रामपंचायत विसर्जित झाली तरी जमिनीचे सर्व्हे क्रमांक, तमिळनाडूतील पट्टा किंवा महाराष्ट्रातील सातबारा, जुन्या गावाच्या नावानेच चालू असतात. नागरिकांचा गोंधळ बहुधा येथेच होतो.

ग्रामस्थांच्या दृष्टीने खरा प्रश्न रोजगाराचा आणि कराचा आहे. ग्रामीण रोजगार हमीची कामे ग्रामीण क्षेत्रापुरतीच असल्याने समावेशाबरोबर ती थांबतात. मालमत्ता कर शहरी दराकडे सरकतो. तमिळनाडूतील अनेक ग्रामपंचायतींचा विलीनीकरणाला असलेला विरोध याच दोन कारणांवर उभा आहे, आणि तो समजण्याजोगा आहे.

हद्द मागेही सरकू शकते. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे समाविष्ट झाली. त्यांपैकी पहिल्या गटातील फुरसुंगी व उरुळी देवाची ही गावे पुढे वगळून २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. दोन जनगणनांच्या दरम्यान ही गावे शहरात येऊन बाहेरही पडली. अशा ठिकाणी आधीच्या अधिसूचनेचा क्रमांक, अंमलाचा दिनांक व सीमांचे वर्णन असलेली अनुसूची जपून ठेवणे भाग पडते. कर कोणत्या तारखेपासून कोणाला देय, बांधकामाची परवानगी कोणत्या संस्थेची, हे तिच्यावरूनच सिद्ध होते.

राजपत्रातील अधिसूचना वाचताना ती प्रारूप आहे की अंतिम, हे प्रथम पाहावे. महाराष्ट्रात महानगरपालिकेच्या हद्दीत बदल करण्यापूर्वी प्रारूप प्रसिद्ध करून हरकती मागविल्या जातात. त्या टप्प्यावर हद्द बदललेली नसते.