अन्योन्य : बडोद्याच्या काटकसरीचा इतिहास

काटकसर हा विषय आपल्याकडे बहुधा सुभाषितांच्या नाही तर थट्टेच्या वाट्याला येतो. राजांच्या खजिन्यांवर ग्रंथ लिहिले जातात. फडताळातल्या डब्यात साठलेल्या चार आण्यांना मात्र इतिहासात जागा नसते. ती असायला हवी, असे मला वाटू लागले ते माझ्या आत्याच्या हिशेबाच्या वह्या वाचल्यापासून.

आत्या बेळगावची. १९५१ साली लग्न होऊन ती बडोद्यास गेली. पुढे १९५६ साली आमचे बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि १९६० साली तिचे बडोदे गुजरातेत. माहेर आणि सासर दोन्ही महाराष्ट्राबाहेर राहिले. पत्रे मात्र मराठीतच चालू राहिली. काही वर्षांनी जुन्या शहरातले बिऱ्हाड मोडून ती मंडळी विश्वामित्रीपलीकडे अकोट्यात राहायला गेली. तिच्या पश्चात त्या घरी ट्रंकेत या वह्या सापडल्या.

वह्यांत उपदेश एका ओळीचाही नाही. वाणी, दूध, कोळसा, दळण, धोबी, भिशी असे रकाने आणि महिनाअखेरची शिल्लक, एवढेच. पण रकाने नीट वाचले की सारे घर दिसू लागते. उन्हाळ्यात वर्षाचे गहू एकदम घ्यायचे आणि एरंडेल चोळून कोठीत भरायचे, ही रीत ती शेजारच्या गुजराती बायकांकडून शिकली. दोडक्याच्या शिरांची चटणी, उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा, साय साठवून कढवलेले तूप आणि त्याच्या बेरीत साखर घालून मुलांना दिलेला खाऊ, हे सारे बेळगावचे. जुनी लुगडी आधी गोधडीत जायची. जी गोधडीलाही चालत नसत ती बोहारणीकडे जाऊन त्यांचे पातेले यायचे. कंजूषपणा म्हणावा तर पाहुण्यांच्या खात्यावर दर महिन्याला खर्च आहेच, आणि दिवाळीत मोलकरणीला लुगडे दिल्याची नोंद एकाही वर्षी चुकलेली नाही. कंजूष माणूस खर्च टाळतो; काटकसरी माणूस तो कुठे करायचा हे ठरवतो.

एखाद्या बाईने असा हिशेब लिहावा, याच्यामागेही इतिहास आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ साली ते साऱ्या राज्याला लागू केले. ही सक्ती मुलींनाही होती. आत्याच्या सासूबाई त्याच शाळांतून शिकलेल्या. त्यांनी सुनेच्या हाती पहिली वही दिली. तोंडी हिशेबाला विसरण्याची सोय असते, लिहिलेल्याला नसते.

बडोद्यात हिशेबाची चाड राजघराण्याला नेहमीच होती असे मात्र नाही. खंडेराव महाराजांनी मोत्यांचा गालिचा करवला, मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतवल्या. १८७५ साली मल्हारराव पदच्युत झाले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक म्हणून गादीवर आला आणि दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्याचा जमाखर्च रुळावर आणला. कचेऱ्या, शाळा, न्यायालये यांची नीट घडी बसू लागली तसा दरमहा ठरावीक पगार घेणारा वर्ग वाढला, आणि त्यात मराठी कुटुंबे पुष्कळ होती.

या पगारदार घरांची अडचण वेगळी होती. खर्च एकसारखा येत नाही. मुंज, लग्न, बाळंतपण, दुखणे एकदम येऊन उभे राहते. त्या वेळी गाठीची शिल्लक पुरली नाही तर सावकाराचे दार. दागिना गहाण पडे आणि वर्षभर सालांची चटणी करून वाचवलेले व्याजात जाई. त्यात १८९९-१९०० चा दुष्काळ आला. संवत १९५६ चा म्हणून गुजरातेत त्याला ‘छप्पनियो’ म्हणतात. वर्षाचे धान्य घरात असावे हा तिकडच्या गृहिणींचा हट्ट अशा आठवणींतूनच पक्का झाला असावा.

मग वाचवलेले ठेवायचे तरी कुठे? पुरून ठेवणे ही आपल्याकडची फार जुनी रीत. याच अकोट्यात, म्हणजे प्राचीन अंकोट्टकात, १९५१ साली जमिनीतून जैन धातुमूर्तींचा मोठा साठा निघाला. उमाकांत शहा यांनी १९५९ साली त्यांवर ग्रंथ लिहिला आणि अकोट्याचे नाव जगभरच्या कलाभ्यासकांना माहीत झाले. त्या मूर्ती म्हणजे कोणाची बचत नव्हे, ती दैवते होती. पण ज्या हातांनी त्या लपवल्या त्यांना त्या पुन्हा काढता आल्या नाहीत, हेही खरे. पुरलेले धन सुरक्षित राहते. मालकाच्या वेळेला मात्र ते उपयोगी पडेलच असे नाही. आणि शेजाऱ्याच्या अडचणीला तर ते कधीच उपयोगी पडत नाही.

या कोंडीतून वाट काढली ती बडोद्याच्याच काही माणसांनी. ५ फेब्रुवारी १८८९ रोजी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापन झाली. हिंदुस्थानातली परस्पर पतपुरवठ्याची ही बहुधा पहिली संस्था. अन्योन्य म्हणजे एकमेकांना. अशा मंडळीचे तत्त्व सोपे असते. सभासदांनी थोडेथोडे जमा करायचे, ज्याला गरज असेल त्याला ओळखीच्या जामिनावर वाजवी व्याजाने कर्ज द्यायचे, आणि व्याज सावकाराच्या घरी न जाता आपल्यातच राहायचे. एका घरच्या डब्यातले चार आणे दुसऱ्या घरच्या मुलीच्या लग्नाला आले. माझ्या मते काटकसर इतिहासात शिरली ती या क्षणी.

युरोपात हा विचार आधी रुजला होता. जर्मनीत शुल्झ-डेलिच यांनी शहरातल्या कारागिरांसाठी आणि रायफायझन यांनी खेड्यांसाठी पतसंस्था काढल्या, इटलीत लुझ्झाटी यांनी १८६५ साली मिलानला लोकांची बँक उघडली. पण हिंदुस्थान सरकारचा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला १९०४ साली. म्हणजे बडोद्याची मंडळी त्याच्या पंधरा वर्षे आधीची. हा कायदा पाठीशी नसताना ती उभी राहिली ती एकमेकांच्या शब्दावर.

कायदा झाल्यावर हे लोण किती झपाट्याने पसरले, हे आम्हा सीमाभागातल्या लोकांना अभिमानाने सांगता येते. पुण्याची कॉसमॉस जानेवारी १९०६ मध्ये नोंदली गेली. त्यानंतर महिन्याभरात, १५ फेब्रुवारीला गोकाक अर्बन आणि २३ फेब्रुवारीला बेळगाव पायोनियर. मार्चमध्ये दक्षिण रत्नागिरीतली वरवड्याच्या विणकरांची संस्था नोंदली गेली. कारकून, मास्तर, विणकर अशी ही माणसे. बडोद्यात तर १९०८ च्या जुलैत सयाजीरावांच्या पाठबळाने बँक ऑफ बडोदा निघाली. पण तिच्या जवळजवळ वीस वर्षे आधी पगारदारांची मंडळी चालू झालेली होती, हे विसरू नये.

या कथेचा शेवट गोड झाला असता तर बरे वाटले असते. अन्योन्य मंडळी पुढे सहकारी बँक झाली, तिने शंभरी पाहिली. आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती अडचणीत येऊन रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. देशातल्या सर्वात जुन्या संस्थेची ही गत झाली. संस्था लहान असते तेव्हा कर्जदार कोण, जामीन कोण, हे प्रत्येकाला ठाऊक असते. ती मोठी झाली की सभासद ठेवीदार होतो, वार्षिक सभेला जाणे सोडतो, ताळेबंद न वाचताच ठेवून देतो. सहकार तिथेच पातळ होऊ लागतो.

त्या उणिवेवर सरकारने विम्याचा उपाय काढला. १ जानेवारी १९६२ पासून बँकांतल्या ठेवींना विमा लागू झाला, तो सुरुवातीला दीड हजार रुपयांपर्यंत. पुढे सहकारी बँकाही त्यात आल्या. १९९३ साली मर्यादा एक लाख झाली आणि फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. ही सोय मोलाचीच आहे. तरी विमा बुडाल्यावर हात देतो. बुडू न देण्याचे काम सभासदाच्या डोळ्यांचे असते.

घरची काटकसर आम्ही आईकडून, आत्याकडून शिकलो. दळण किती आले, दूध किती लागले, हे रोज पाहणारी ती नजर उंबऱ्यापाशी थांबली, ही आमच्या पिढीची उणीव. भाऊसाहेब कवठेकरांच्या पिढीने ती नजर उंबऱ्याबाहेर नेली आणि त्यातून संस्था उभ्या राहिल्या. आज गावोगावच्या पतसंस्थांचे अहवाल घरपोच येतात. दिवाळीच्या साफसफाईत त्यांची रद्दी करण्याआधी शेवटची दोन पाने, येणे बाकी आणि थकबाकीची, वाचावीत. कोठीतले गहू चाळून घेतो, तेवढ्याच निगुतीने.