केशकर्तनालयाची खुर्ची

सलुनांतील खुर्चीवर बसून केस कापून घेणें ही गोष्ट आज इतकी नित्याची झाली आहे कीं, तिलाही कांहीं इतिहास असेल अशी शंका सहसा कोणास येत नाहीं. मनुष्य आंत शिरतो, पाळी येईपर्यंत वर्तमानपत्र चाळतो, आणि खुर्ची रिकामी होतांच तीवर जाऊन बसतो. गळ्याभोंवतीं पांढरें फडकें गुंडाळलें जातें, मान पुढें वांकविली जाते, आणि पुढील अर्धा तास तो आपलें डोकें निमूटपणें दुसऱ्याच्या हातीं देऊन बसतो. सावकार असो कीं कारकून असो, कात्रीखालीं मान हलविण्याची सोय कोणासच नाहीं. परंतु ही समता फार जुनी नाहीं. त्या खुर्चीवर कोणीं बसावें व कोणीं बसूं नये, हा प्रश्न एके काळीं महाराष्ट्रांत मोठा बिकट होता.

पूर्वींच्या काळीं मुळांत खुर्चीच नव्हती आणि दुकानही नव्हतें. न्हावी हा गांवच्या बारा बलुतेदारांपैकीं एक. धोपटी काखेंत मारून तोच घरोघर जाई. धोपटींत वस्तरा, कात्री, चिमटा, नराणी, लहानसा आरसा, पाण्याची वाटी आणि वस्तऱ्याला धार लावण्याचें चामडें इतका सरंजाम असे. यजमान ओसरीच्या कडेला किंवा अंगणांत बसे व न्हावी त्याच्यासमोर उकिडवा बसे. साबणाचें नांव नव्हतें. वाटींतील पाण्यानें केस भिजवून, बोटांनीं चोळून ते मऊ करावयाचे आणि मग वस्तरा चालवावयाचा. डोक्याचा पुढील भाग भादरून मागें शेंडी व घेरा राखण्याची चाल सर्रास होती. श्मश्रूसाठीं वार व तिथी पाहावी लागे, आणि ती झाल्यावर स्नान केल्यावांचून घरांत कशासही शिवतां येत नसे.

ह्या कामाचा मोबदला रोख मिळत नसे. सुगीच्या दिवसांत खळ्यावर जें धान्य पदरांत पडे तेंच वर्षाचें वेतन. लग्नामुंजींत त्याचा मान व हक्क ठरलेला असे. गांवांतील बातमीही बहुधा धोपटीबरोबरच हिंडे. ह्याच समाजांत संत सेना न्हावी होऊन गेले. आणि १६६० सालीं पन्हाळ्याच्या वेढ्यांतून शिवाजी महाराज निसटले, त्या वेळीं त्यांचें सोंग घेऊन प्राण देणारा शिवा काशीद हाही ह्याच समाजाचा, असें परंपरा सांगते.

पण ज्या वस्तऱ्यावर न्हाव्याचें पोट होतें, त्याच वस्तऱ्याकडून समाजानें दोन अन्याय करवून घेतले. पहिला, ज्यांना नको होता त्यांच्या डोक्यावर तो चालविण्याचा. आणि दुसरा, ज्यांना हवा होता त्यांच्या डोक्यावर तो न चालविण्याचा.

पहिला अन्याय म्हणजे विधवांचें केशवपन. पति निवर्तल्यावर ब्राह्मणादि जातींतील स्त्रीस, मग ती दहा-बारा वर्षांची पोर कां असेना, न्हाव्यापुढें बसविलें जाई. १८८८ सालीं निघालेल्या 'सुधारक' पत्रांतून आगरकरांनीं ह्या चालीवर कडक टीका केली. परंतु टीका करणारे सुशिक्षित होते आणि वस्तरा होता न्हाव्याच्या हातीं. हें ओळखून गिरणीकामगारांचे पुढारी व 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं मुंबईंतील न्हाव्यांना एकत्र आणलें, आणि १८९० सालीं त्यांनीं विधवांचें केशवपन न करण्याचा निश्चय केला. ज्यांनीं हा निश्चय केला ते कोणी धनिक नव्हते. हातचें काम सोडणें म्हणजे हातचा घांस सोडणेंच होतें. ती चाल त्या निश्चयानें एकदम नाहींशी झाली नाहीं. पुढें कित्येक वर्षें ती रेंगाळत राहिली. तथापि हलका मानला गेलेला कारागीर, मोल मिळत असतांही, 'हें काम माझ्या हातून होणार नाहीं' असें म्हणाला, ही गोष्ट लहान नव्हे.

दुसरा अन्याय अस्पृश्यांच्या वांट्यास आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचें बालपण साताऱ्यांत गेलें. साताऱ्यांत न्हावी नव्हते असें नाहीं, आणि त्यांस पैसे देण्याची ऐपत ह्या कुटुंबाला नव्हती असेंही नाहीं. तरी त्यांचे केस त्यांची वडील बहीण घरींच कापीत असे. कारण अस्पृश्याच्या डोक्यास हात लावावयास एकही न्हावी तयार नव्हता. ही हकीकत त्यांनीं स्वतःच लिहून ठेविली आहे. येथें सगळा दोष न्हाव्याच्या माथीं मारणें न्याय्य होणार नाहीं. त्यानें एका अस्पृश्याची हजामत केली असती, तर उरलेल्या गांवानें त्याच्यापुढें बसावयाचें सोडलें असतें आणि खळ्यावरचें धान्य बंद झालें असतें. वस्तरा त्याचा असला तरी हुकूम गांवाचा होता.

पुढें रेल्वे व गिरण्या आल्या, आणि खेड्यांतले लोक शहरांत लोटले. शहरांत बलुतें कोण देणार? तेव्हां न्हाव्यानें धोपटी ठेवून दुकान मांडलें. खुर्ची आणली, समोर मोठा आरसा टांगला, आणि दर रोख ठरविला. मूळचा फ्रेंच शब्द इंग्रजींतून आपल्याकडे येऊन 'सलून' झाला, आणि संस्कृताभिमान्यांनीं त्यास 'केशकर्तनालय' असें भारदस्त नांव दिलें. घेरा जाऊन इंग्रजी तऱ्हेचे केस आले. १९०४ सालीं अमेरिकेंत जिलेटच्या सुरक्षित वस्तऱ्यास पेटंट मिळालें, आणि कालांतरानें पुष्कळजण दाढी घरींच करूं लागले. सलुनाकडे मुख्यत्वें डोकें तेवढें राहिलें.

दुकान झालें म्हणजे पैसे देईल तो गिऱ्हाईक, हा बाजाराचा नियम. पण जुनी शिवाशीव दुकानाच्या दारांतही उभी राहिली. २९ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत समतेच्या कलमावर चर्चा चालली असतां, 'दुकान' ह्या शब्दांत धोब्याचें व न्हाव्याचें दुकान येतें काय, असा प्रश्न निघाला. उत्तर देण्यास उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. जो कोणी सेवा मागावयास येईल त्याला ती देण्यास मालक जेथें बसलेला असतो तें दुकान, अशी व्यापक व्याख्या करून त्यांनीं धोब्याचें आणि केशकर्तनाचें, हीं दोन्ही दुकानें तींत स्पष्टपणें घातलीं. केवळ आंत पाऊल टाकण्याची मुभा नव्हे, तर योग्य मोबदल्यांत सेवा मिळण्याचा हक्क, असा त्याचा अर्थ त्यांनीं सांगितला. ज्याचे केस साताऱ्याचा एकही न्हावी कापीत नव्हता, त्या मुलानेंच पुढें सर्व देशासाठीं ही व्याख्या करावी, हा योग इतिहासांत विरळाच.

२६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना अंमलांत आली; १९५५ सालीं अस्पृश्यतेचें आचरण गुन्हा ठरविणारा कायदा झाला. तरीही देशाच्या कांहीं भागांतून अशा नकाराच्या तक्रारी अद्याप कानांवर येतात. कायद्यानें खुर्ची सर्वांची केली. पण ती रिकामी असतांना कोणीही येऊन बसला तरी शेजारच्या गिऱ्हाइकाची भुंवई वर जाऊं नये, हें काम कायद्याचें नसून त्या गिऱ्हाइकाचें आहे.