शार्क प्रतिपिंड प्लास्मिड

शार्क प्रतिपिंड प्लास्मिड म्हणजे शार्क माशाच्या प्रतिपिंडाचे जनुक जोडलेला वर्तुळाकार डीएनए रेणू होय. गुणसूत्राबाहेरील आनुवंशिक घटकांसाठी 'प्लास्मिड' ही संज्ञा जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये सुचवली.

माणसाच्या प्रतिपिंडात जड व हलक्या अशा दोन्ही साखळ्या असतात. शार्कमध्ये मात्र हलकी साखळी नसलेले आयजीएनएआर हे प्रतिपिंडही आढळते. नर्स शार्कमधील त्याचा शोध १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा प्रतिजनाला चिकटणारा भाग एकाच साखळीचा व सुमारे १२ किलोडाल्टन वजनाचा असतो. (प्रतिपिंड आणि प्रतिजन यांची विद्यार्थी हमखास गल्लत करतात, प्रतिपिंड ज्याला चिकटते ते प्रतिजन.) त्यामुळे दोन साखळ्यांच्या जनुकांची जोडी जुळवण्याचा खटाटोप उरत नाही.

मूळ जनुक जसेच्या तसे चालत नाही, कारण त्यातील इंट्रॉन वगळण्याची यंत्रणा ई. कोलाय जीवाणूत नसते. म्हणून शार्कच्या रक्तपेशींतील संदेशवाहक आरएनएपासून पूरक डीएनए बनवून तो प्लास्मिडमध्ये जोडतात. प्लास्मिडवर अ‍ॅम्पिसिलिनसारख्या प्रतिजैविकाला रोध करणारे जनुकही असते. त्यामुळे त्या औषधात प्लास्मिड शिरलेले जीवाणू तेवढेच वाढतात.

खरी अडचण पुढे येते. पेशीद्रवात या प्रथिनाचे डायसल्फाइड बंध नीट जुळत नाहीत आणि ते निकामी ठरते. यासाठी जनुकाच्या आरंभी संकेत-पेप्टाइडचा क्रम जोडून प्रथिन जीवाणूच्या दोन पटलांमधील जागेत पाठवतात. एकदा जनुक प्लास्मिडमध्ये आले, की त्या प्रतिपिंडासाठी पुन्हा शार्कचे रक्त घ्यावे लागत नाही.