मागच्या गेटचा इतिहास

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं म्हणून ऑफिसातलं जुनं कपाट उघडलं. नोंदणी, पाण्याचे टँकर, लिफ्ट, गणपती यांविषयी इतर सभासद लिहीत आहेतच. मी अडकलो तो 2020 च्या फायलीत. तिच्यात एक नोटीस आहे आणि एक अर्ज. दोन्हींवर सही माझी, कारण त्या वेळी सेक्रेटरी मी होतो.

नोटीस मार्चमधली. 9 मार्चला राज्यातले पहिले कोरोना रुग्ण आपल्या पुण्यातच सापडले. पाठोपाठ शाळा बंद झाल्या आणि 25 मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला. 'घरकाम करणाऱ्या व्यक्ती व त्यांची मुले यांना पुढील सूचनेपर्यंत आवारात प्रवेश नाही,' हे वाक्य माझंच. भीती खरी होती, आपल्याकडे ज्येष्ठ मंडळीही बरीच. पण मागच्या वस्तीतल्या आयांचं काम गेलं आणि मुलांची शाळेबरोबर दुपारची खिचडीही गेली, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. पुढे शाळेतून कोरडा तांदूळ आणि कडधान्य मिळू लागलं. पण शिजवायला तेल आणि गॅस कुठून आणायचा?

हे लक्षात आलं ते आपल्या तरुण पोरांच्या. बी विंगमधली पाच-सहा कॉलेजची मुलं-मुली तरुणांच्या एका छोट्या संस्थेतर्फे दर रविवारी वस्तीत शिकवायला जात. त्यांनी आधी किराणा पोचवला. मग जुने मोबाइल मागायला ती आपल्या दारोदार फिरली. तडा गेलेल्या काचेचे का होईना, नऊ मिळाले. रिचार्ज पॉकेटमनीतून. तरी ऑनलाइन शाळेचं गणित जमेना. घरात फोन एकच, तो घेऊन बाप कामावर जाणार आणि रात्री परतणार. म्हणून पोरं संध्याकाळी उशिरा अभ्यास घेत. जुलै 2020 मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' मालिका सुरू झाली, तेव्हा कोणाच्या घरी टीव्ही चालू आहे याची यादी त्यांनी केली आणि शेजारची मुलं तिथे बसवली.

अर्ज याच पोरांचा आहे. 'पार्किंगमध्ये अंतर राखून, मास्क लावून 12 मुलांना शिकवू द्यावे.' त्यावर माझ्या अक्षरात एकच शब्द आहे : नामंजूर. मग वर्ग मागच्या गेटबाहेर, कडुनिंबाखाली भरू लागला.

आपल्या भागाला हे नवं नाही. 1877 च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीला भुकेल्या मुलांसाठी बालाश्रम चालवला होता. पुढे 1897 मध्ये पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई फुले यांचा दत्तकपुत्र डॉ. यशवंत याने हडपसरजवळ माळावर दवाखाना थाटला होता. आपण राहतो त्याच मुंढव्यातल्या, गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या पांडुरंग गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचं कळताच सावित्रीबाई आल्या आणि त्याला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखाना गाठला. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र प्लेगची लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. 2020 मध्ये सरकारने लावलेला साथरोग कायदाही 1897 चाच. दर जानेवारीत त्यांच्या फोटोला हार घालताना मी हे सगळं भाषणात सांगत आलोय. अर्ज नामंजूर करताना आठवलं नाही, एवढंच.

पावसाळ्यानंतर एका संध्याकाळी गेटपाशी मी आवाज ऐकला. सहा महिने पुस्तक हातात नसल्याने मुलं जोडाक्षरं विसरली होती, म्हणून पोरं त्यांना दिसेल ते छापील वाचायला लावत. दुकानाची पाटी, बिस्किटाचा पुडा. गेटवर माझी नोटीस अजून चिकटलेली होती. एक चौथीतली मुलगी बोट ठेवून वाचत होती : 'प्र-वे-श ना-ही.' बरोबर वाचल्याबद्दल सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी दुसऱ्या दिवशी नोटीस काढली. लगेच हॉल दिला, असं मात्र झालं नाही. दुसरी लाट येऊन गेली, आणि जून 2021 मध्ये पावसामुळे पोरांनी पुन्हा अर्ज केला. कमिटीत वाद झाला. विरोध करणारेही आपलेच, आणि त्यांच्यातल्या दोघांनी घरची माणसं गमावली होती. त्यांना दोष कसा द्यायचा? खिडक्या उघड्या ठेवून, निम्मी-निम्मी मुलं, या अटीवर ठराव एका मताने मंजूर झाला. पुण्यात पहिली ते सातवीच्या शाळा उघडायला डिसेंबर 2021 उजाडला. चौथीत घरी बसलेली ती मुलगी पाचवीत वर्गाचं तोंड न पाहता गेली होती. पण तिला वाचता येत होतं.

ती पोरं आता नोकरीला लागली, काही परदेशी गेली. वर्ग चालूच आहे, मंगळवार आणि शुक्रवारी. आता सी विंगची मुलं शिकवतात. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत या वर्गाला हॉलचं भाडं लावावं का, असा विषय आहे. सोसायटीला खर्च आहेत, मला मान्य आहे. माझं मत 'लावू नये' असं आहे. सभेला येताना त्या दोन कागदांच्या झेरॉक्स मी घेऊन येईन. आधी त्या वाचा, मग हात वर करा.