सुक्या हाडापासून रबरी खेळण्यापर्यंत

कीर्तनात एक जुना दृष्टान्त येतो. कुत्र्याला सुकं हाड सापडतं. ते चघळताना त्याच्याच हिरडीतून रक्त येतं आणि त्याला वाटतं, हाडालाच काय ही गोडी! बुवा त्यातून विषयसुखावर येतात. पण मंडळी, वैराग्य क्षणभर बाजूला ठेवू. सुकं, कठीण हाड कुत्र्याचं तोंड फोडतं, हे कुणीतरी डोळ्यांनी पाहिलं असणार, म्हणूनच ते दृष्टान्तात आलं.

बुलढाण्याकडे कुत्रं म्हणजे शेताची आणि मेंढरांची राखण. त्याच्या पिलाला खेळणं कोण आणून देणार? हाड, पऱ्हाटीचं खुंट, कासऱ्याचं टोक, धन्याची वहाण, जे मिळेल ते त्यानं चावावं. ही काही निव्वळ खोडी नव्हे. पिलाला आधी २८ दूधदात येतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे दात येतात. तोवर हिरड्या शिवशिवत असतात.

कुत्र्यासाठी म्हणून काही विकत घ्यायचं, ही रीत शहरातली. १८६०च्या सुमारास जेम्स स्प्रॅट हा अमेरिकन लंडनला आला. गोदीवरची कुत्री खलाशांनी टाकलेली कडक बिस्किटं खाताना त्यानं पाहिली आणि कुत्र्यांची बिस्किटं काढली, असं सांगतात. त्याआधी १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता यांनी रबर पक्कं करण्याची युक्ती सापडली होती. एरवी रबर उन्हात चिकट व्हायचं, थंडीत तडकायचं. या पक्क्या रबराची कुत्र्यांच्या बाबतीतली गाजलेली गोष्ट मात्र १९७०च्या दशकातली. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवून घेत होता. मालक फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करत होते. कुत्र्यानं तिचा एक रबरी सुटा भाग पकडला आणि दगड सोडले! ‘काँग’ हे पोकळ रबरी खेळणं त्यातून निघालं.

आता आपल्या घरात या. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल सजवून नेतात. सण झाला की बैल कोपऱ्यात पडतो आणि पिलू त्याचं शिंग चावत बसतं. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आजोबांच्या वेळच्या बैलाचा रंग त्याआधीचा. तो फळीवरच बरा.

सुती दोराचंही तसंच. खामगाव म्हणजे कापसाची जुनी बाजारपेठ, तेव्हा दोराला आपल्याकडे तोटा नाही. पण दोर उसवला आणि लांब धागा पोटात गेला, की नाडी ओढल्यावर परकर चुणावा तसं आतडं गोळा होतं. मग शस्त्रक्रियाच. शिजवलेलं हाड तर नकोच, त्याच्या किरचा उडतात. हौसेनं काही जण जंगलात पडलेलं सांबराचं शिंग आणतात. त्यानं मागची मोठी दाढ तडकते, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यानं असं शिंग ही सरकारची मालमत्ता. ज्ञानगंगा अभयारण्य जवळ असलेल्यांनी तरी हे विसरू नये.

लहान मुलांच्या खेळण्यांना २०२१च्या १ जानेवारीपासून आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. तो आदेश मुलांच्या खेळण्यांपुरता. पिलाचं खेळणं घेताना पारख आपल्याच अंगठ्यानं करायची. नख दाबलं की थोडं रुतलं पाहिजे. अजिबात रुतलं नाही तर ते दातालाही भारी. आकार असा हवा, की ते पूर्ण तोंडात मावून घशाकडे सरकू नये. आतली शिट्टी, चिकटवलेले डोळे, बटणं नकोत. टेनिसचा चेंडू धरून आणायला ठीक, पण तासन्‌तास चघळायला नको, त्याची लव दात झिजवते. यातलं काहीच जमलं नाही, तर स्वच्छ फडकं भिजवून, पिळून, थंड करून समोर बसून चावायला द्या आणि मग काढून घ्या.

आणि एखादे दिवशी त्या फडक्यावर तांदळाएवढा दात आणि रक्ताचा ठिपका दिसला, तर घाबरू नका. बहुतेक पिलं दूधदात गिळूनच टाकतात. तुम्हाला तो पाहायला मिळाला एवढंच.