टी.व्ही. ऐकून घ्यावा

आमचा टी.व्ही. आजारी पडला तेव्हा आधी त्याच्या वयाची चौकशी झाली. मी म्हटलं, "परवा-परवा तर घेतलाय." हिने कपाटातून पावती काढून माझ्यापुढे धरली. पावतीवर साल होतं २०१०. साठी उलटली की 'परवा' या शब्दाचं पोट सुटत जातं, त्याला माझा इलाज नाही.

दुखणं तसं साधंच होतं. चित्र दिवसेंदिवस सावळं होत चाललं होतं. एका मालिकेत खून झाला. तो कोणी केला हे लेखकाने सगळ्यांपासूनच लपवलं होतं, पण कोणाचा झाला हेही आम्हाला कळलं नाही. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, "काका, ह्या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. मागे बारीक नळ्या असतात, त्या विझत आल्यात. आता नवाच घ्या." डॉक्टरने नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगावं तसं त्याने हे मला जिन्यात नेऊन सांगितलं.

झालं! घरात सल्लागार मंडळ बसलं. मुलाने बंगलोरहून फोनवर बजावलं, "बाबा, पंचावन्न इंचाखाली काही घेऊ नका." ही म्हणाली, "अहो, पण भिंत पंचावन्न इंच आहे का, ते आधी बघा." मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला असल्यामुळे कुठलाही प्रश्न मुळापासून अभ्यासायची खोड आहे. फुलस्केप कागदावर रकाने आखले. त्यात कळलं ते असं की, एल.ई.डी. म्हणजे जुना एल.सी.डी.च, फक्त पाठीमागच्या नळ्यांच्या जागी दिवे बसवलेले. ओ.एल.ई.डी. म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो तो. आणि फोर-के म्हणजे एका पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके. आमच्या लहानपणी सगळा देश ६२५ रेघांवर समाधानी होता, आणि त्या रेघासुद्धा सगळ्या पडद्यावर येत नसत!

आई कोपऱ्यात वाती वळत बसली होती. ती एवढंच म्हणाली, "काय घ्यायचा तो घ्या. मला ऐकू येईल असा घ्या म्हणजे झालं."

हे कोणीही ऐकलं नाही.

आई आता अठ्ठ्याऐंशीची आहे. तिच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध एक काळा डाग पडलाय. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. माणूस दारातून तिरका आला तर ती ओळखते, पुढ्यात येऊन उभा राहिला की तो नाहीसा होतो. अशा बाईसाठी आम्ही ८३ लाख ठिपके मोजत होतो. ते ध्यानात आलं आणि मी फुलस्केपची घडी घातली. मग आमच्या घरातल्या टी.व्ही.चा इतिहास नव्याने आठवून पाहिला, तर आजवर माझ्या लक्षातच न आलेली एक गोष्ट सापडली. आईने टी.व्ही. असा फारसा कधी पाहिलाच नव्हता. तिने तो पन्नास वर्षं ऐकला होता.

पहिला टी.व्ही. बाबांनी १९७४ साली आणला. दिल्लीत दूरदर्शनचे प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झाले होते, मुंबईचं केंद्र यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. म्हणजे मुंबईकरांना तेरा वर्षं हे विज्ञान केवळ ऐकून माहीत. गिरगावातल्या आमच्या चाळीत टी.व्ही. येणं म्हणजे लग्नघरच. त्या काळच्या क्राउन, टेलिव्हिस्टा, वेस्टन वगैरे नावांचा बाबांनी आठवडाभर जप केला आणि शेवटी जो हप्त्याने मिळाला तो आणला. चार पायांचा, लाकडी, पुढे सरकती दारं आणि दारांना कुलूप. पोस्टात जाऊन त्याचं लायसनही काढावं लागलं. (ते पुढे १९८० च्या दशकात रद्द झालं.) गच्चीवर अँटेना, गच्चीतून भावाचं "आलं का?" आणि खालून आमचं "गेलं!" हे सगळं यथासांग पार पडलं. त्यावर इतक्या लोकांनी लिहिलंय की मी आणखी काही लिहीत नाही.

शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी सिनेमा. बाहेरची खोली दहा बाय बाराची, तीत माणसं चाळीस. पुढची रांग जमिनीवर, मधली ट्रंकांवर, मागची खिडकीत. आणि आई? आई आतल्या खोलीत, रॉकेलच्या स्टोपाशी. चाळीस माणसं घरात आली की चहा टाकावा लागतो, चहा झाला की कप विसळावे लागतात आणि कप विसळून होईपर्यंत 'समाप्त'ची पाटी येते. मध्ये पडदा होता, पण तो शिवणीचा.

तरीही तिला सगळं ठाऊक असे! बातम्या स्मिता पाटील वाचतेय की भक्ती बर्वे, हे ती आतून सांगायची. 'चिमणराव'मध्ये दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ यांच्यावर बाहेर हशा उसळायचा, त्याच्या अर्धा क्षण आधी आत आई हसलेली असायची. आम्ही चेहरे बघून हसत होतो, ती आवाजावरच हसायची. प्रदीप भिड्यांच्या आवाजावर तर तिने वर्षानुवर्षं कुकर लावला. २०२२ साली ते गेल्याची बातमी आली, तेव्हा ती म्हणाली, "ह्यांना मी कधी नीट पाहिलंच नाही रे."

पुढे १५ ऑगस्ट १९८२ ला रंग आले, त्याच वर्षी एशियाड झालं. आमच्याकडे मात्र काळा-पांढराच होता. त्यावर बाबांनी तीन रंगांचा प्लास्टिकचा कागद लावला. वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. २५ जून १९८३ ला लॉर्ड्सवर कपिलदेवने वर्ल्ड कप उचलला तो आम्ही निळ्या कपाळाने आणि हिरव्या पायांनी उचललेला पाहिला. आईला आतून कप जिंकल्याचं कळलं ते चाळीच्या आवाजावरून. तिच्या टी.व्ही.त रंगाची अडचण कधीच आली नाही.

खरा रंगीत संच आला १९८६ च्या दिवाळीत. लगेच २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' लागलं, ते जुलै १९८८ पर्यंत चाललं. ते चालू असताना देशात चहा मागायची कोणाची छाती नव्हती. त्यामुळे आई आंघोळ, पूजा उरकून प्रथमच पडद्यासमोर येऊन बसली. दर रविवारचा तेवढा वेळ तिने टी.व्ही. डोळ्यांनी पाहिला. नंतर केबल आली, १९९२ मध्ये झी आलं, चोवीस तास माणसं बोलायला लागली आणि आई पुन्हा आत गेली. १९९६ चा तिसरा संच मोठा आणि निव्वळ मठ्ठ होता. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

चौथा हा २०१० चा, चपटा. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने पुन्हा 'रामायण' दाखवलं. तोवर आईचे डोळे गेले होते. ती कान देऊन बसली आणि दहाव्या मिनिटाला म्हणाली, "राम घागरीत तोंड घालून का बोलतोय?" आम्ही हसलो होतो. आता उमगतं, तक्रार रास्त होती. आवाजाला जागा लागते. डग्ग्याला पोट आहे म्हणून तो घुमतो, थाळी कितीही बडवली तरी तिचा डग्गा होत नाही. जुन्या लाकडी खोक्याला पोट होतं आणि त्याचा स्पीकर माणसाकडे तोंड करून होता. चपट्या संचात स्पीकरला जागाच उरली नाही. मग तो एक तर खालच्या कडेला जमिनीकडे बघत बसतो, नाही तर पाठीला, भिंतीकडे. त्यात वय झालं की 'स', 'श', 'त' अशी बारीक अक्षरं कानातून आधी गळतात. राहतो तो नुसता गुंजारव.

या यंत्राच्या जन्मापासून आवाजाची आबाळच आहे म्हणा! बेअर्डसाहेबांनी १९२६ साली लंडनला दूरचित्रवाणी करून दाखवली. १९२९ मध्ये बी.बी.सी.वरून त्यांचं प्रक्षेपण सुरू झालं तेव्हा ट्रान्समीटर एकच मिळाला होता. म्हणून आधी मुका माणूस दिसे आणि मग तोच माणूस न दिसता बोले. दोन्ही एकदम यायला मार्च १९३० उजाडावा लागला. आमच्याकडे पहिला अर्धा भाग बाहेरच्या खोलीत होत होता आणि दुसरा स्वयंपाकघरात, इतकाच फरक.

तर आम्ही आईला रिक्षात घालून दुकानात नेलं. भिंतभर टी.व्ही. आणि सगळ्यांवर एकच पोपट. विक्रेता मुलगा उत्साही होता. "आजी, रंग बघा! पीस न् पीस मोजता येईल."

"पोपट बोलतो का?" आईने विचारलं.

"नाही आजी, मागे म्युझिक आहे."

"मग त्याला घालव. मराठी बातम्या लाव."

बातम्या लागल्या. आईने डोळे मिटले. मुलगा माझ्याकडे बघायला लागला, मी छताकडे. पहिल्या संचाला आई म्हणाली, "माठात बोलतोय." दुसऱ्याला, "ही बाई पाठमोरी बसलीय." मुलाने संच वळवून पाहिला. स्पीकर खरोखरच पाठीमागे होते. तेव्हापासून तो तिला आजीबाई म्हणून नव्हे, तर तपासायला आलेल्या साहेबासारखा वागवू लागला. पंचावन्न इंची, पासष्ट इंची, सगळे नापास झाले. शेवटी त्याने हातभर लांबीचा एक काळा दांडा आणून टेबलावर ठेवला. त्याला साउंडबार म्हणतात. तो टी.व्ही.च्या पुढ्यात ठेवायचा आणि आवाज त्याच्यातून घ्यायचा.

आईने दोन मिनिटं ऐकलं. "हं. आता समोर बसून बोलतोय."

हिशेब मांडला. दांडा घ्यायचा तर पंचावन्न इंच परवडत नव्हते. त्रेचाळीस घेतला. मुलाला फोनवर सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आजीला विचारा, भिड्यांसारखा येतो का?"

संध्याकाळी सगळं जोडून झालं. आईची खुर्ची आम्ही मुद्दाम बरोबर मधोमध मांडली, पायाखाली पाट दिला. साताच्या बातम्या लागल्या. ती पाचेक मिनिटं बसली, चुळबुळ केली, मग भिंतीला हात लावत लावत उठली आणि आत गेली. स्वयंपाकघरात स्टूल सरकवल्याचा आवाज आला.

"आई, काय झालं? ऐकू येत नाही का?"

"येतंय रे. इथून छान येतंय. जरासा मोठा कर, आणि चहा कोण कोण घेणार ते सांगा."

ही उठली, तिला हाताला धरून बाजूला बसवलं आणि गॅस पेटवला. मी आवाज दोन घरं वाढवला.