संपादनक्षम घटकातील ओळभंग
वेबपानावरील ‘कंटेंटएडिटेबल’ घटकात एंटर दाबल्यावर नवी ओळ तयार होण्याची प्रक्रिया. ‘कंटेंटएडिटेबल’ हा गुणधर्म इंटरनेट एक्सप्लोरर 5.5 मध्ये (2000) आला. पुढे एचटीएमएल5 ने त्याला प्रमाणरूप दिले (पहा : एचटीएमएल). एंटर दाबताच एक्सप्लोरर ‘पी’ टॅग घालीत असे. क्रोम व सफारी ‘डिव्ह’ घालतात. फायरफॉक्स पूर्वी ‘बीआर’ घालीत असे. 60 व्या आवृत्तीपासून (2018) तोही ‘डिव्ह’कडे वळला. शिफ्ट-एंटरने सहसा ‘बीआर’ येतो. मात्र मजकुराच्या अगदी शेवटी आलेला एकटा ‘बीआर’ दिसत नाही. कर्सर खालच्या ओळीवर जाण्यासाठी दुसरा लागतो. ‘टेक्स्टकंटेंट’ने मजकूर वाचल्यास या टॅगांनी पाडलेल्या ओळी एकमेकींना चिकटतात, ‘इनरटेक्स्ट’ने त्या सुट्या राहतात (पहा : जावास्क्रिप्ट). म्हणून साठवणीपूर्वी सर्व टॅगांना एकच रूप देणे आवश्यक ठरते.